घरची वही नंतर, आधी बाहेरची नोकरी



या चातुर्मासात तीन-चार जणींनी वेगवेगळ्या वेळी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. एक डी.एड. होऊन सात वर्षं शाळेत शिकवून आता घरी असलेली, एक बी.फार्म., आणि एक मेकॅनिकल इंजिनिअर, जिनं लग्नाआधी भोसरीत एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात काम केलंय. प्रश्न असा : "भाभी, आता अकाउंट्स शिकू का? उशीर तर नाही ना झाला?" आणि प्रत्येकीच्या प्रश्नामागे घरातल्या कुणाचं तरी एक वाक्य होतं : "शिकून घे, आपलंच काम आहे, बाहेरच्या माणसाला पगार कशाला द्यायचा?"

प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. शिका, उशीर झालेला नाही. मी स्वतः रसायनशास्त्राची, औषधांच्या प्रयोगशाळेतून आलेली. एकोणचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा व्हाउचर लिहायला बसले. पण त्या घरातल्या वाक्याशी माझं अजिबात पटत नाही. माझं मत असं की हिशेब शिकलेल्या आपल्या बाईनं पहिली दोन वर्षं तरी बाहेर, परक्या माणसाकडे, पगारावर काम करावं. घरच्या पेढीवर बसायचंच असेल तर त्यानंतर बसावं.

हे ऐकून काही सासूबाई माझ्यावर नाराज होतील. झाल्या आहेतही.

आपण वहीखात्याची माणसं. रोजमेळ, खतावणी, उधारीचं खातं हे शब्द आपल्या मुलींच्या कानावर पाढ्यांच्या आधी पडतात. दिवाळीला नव्या वहीचं पूजन होतं, गौतमस्वामींच्या लब्धीची आणि शालिभद्रांच्या ऋद्धीची आठवण करून पहिलं पान लिहिलं जातं. त्या दिवशी थाळी कोण सजवतं, कुंकू कोण भिजवतं, प्रसाद कोण करतं? आपण. आणि लेखणी कुणाच्या हातात असते, ते तुम्ही तुमच्याच घरात आठवून पाहा.

आपल्या समाजात बाईच्या शिक्षणासाठी थोर कामं झाली आहेत, हे विसरून मी बोलत नाही. शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या कन्या मगनबाई तरुणपणी विधवा झाल्या आणि त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम उभा केला. सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशींच्या कन्या कंकुबाई त्यांच्या सोबतीला होत्या. त्या दिगंबर परंपरेच्या, मी स्थानकवासी. पण त्यांचं ऋण आपल्या सगळ्यांवर आहे. तिथून शिकून बाहेर पडलेल्या बाईपुढचा मानाचा रस्ता मुख्यतः शिक्षिकेचा होता, आणि त्या काळात तेच फार मोठं पाऊल होतं. तेव्हापासून आपल्याकडे बाईची सभ्य नोकरी म्हणजे शाळा, असं जे ठरलं ते ठरलंच. व्यापारी घरात जन्मून व्यापारी घरात गेलेली बाई भूगोल शिकवू शकते, ताळेबंद वाचू शकत नाही. मला हे विचित्र वाटतं.

(ज्यांना वय आणि परिस्थिती आड येते असं वाटतं त्यांच्यासाठी : मद्रासच्या आर. शिवभोगम्, देशातल्या पहिल्या महिला लेखापरीक्षक, सत्याग्रहात तुरुंगवास भोगून आल्या आणि मग १९३३ मध्ये हिशेबतपासनिसाची परीक्षा पास झाल्या. आपल्या अडचणी एवढ्या तरी नाहीत.)

आता मूळ मुद्दा, सहीचा.

आपल्यापैकी कितीतरी जणी कागदावर मालकीण आहेत. कुणाच्या नावावर भोसरीतल्या वर्कशॉपचा जीएसटी नंबर, कुणी भागीदार, कुणी प्रायव्हेट लिमिटेडची डायरेक्टर. कारणं नेहमीची : एकाच नावावर उलाढाल नको, महिला उद्योजकांसाठीची कर्ज योजना आहे, दिरांच्या वाटणीत सोपं पडतं. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यापासून तर सहीचीही गरज उरली नाही. दुपारी फोन येतो, "ओटीपी आला असेल, सांग पटकन." एका हातात लाटणं, दुसऱ्या हातात मोबाईल, आपण सहा आकडे सांगतो, रिटर्न भरलं जातं. ते आपल्या नावानं भरलेलं प्रतिज्ञेवरचं निवेदन आहे, हे कुणी आपल्याला सांगितलेलं नसतं.

१९३२ च्या भागीदारी कायद्यात पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि एकटाही जबाबदार असतो, अगदी स्वतःच्या मालमत्तेसह. "मी फक्त नावाला होते" हे उत्तर तिथे चालत नाही. एकल मालकीच्या धंद्यात चेक परत गेला तर ज्या बाईच्या खात्याचा चेक आणि जिची सही, तिच्यावर खटला. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोटिशीचं पाकीट पोस्टमन तिच्याच नावानं घेऊन येतो.

मग घरातच शिकलं तर काय वाईट, असं तुम्ही म्हणाल. निदान आपल्याच कागदांवर लक्ष राहील. अडचण अशी आहे की घरात प्रश्न विचारता येत नाही. "हे बिल आलंय, पण माल कुठे उतरला?" हा हिशेबनिसाचा रोजचा, साधा प्रश्न आहे. सुनेनं सासऱ्यांना विचारला की तो अविश्वास होतो. जेवणाच्या टेबलावर दोन दिवस शांतता. बाहेरच्या ऑफिसात तोच प्रश्न विचारण्याचा आपल्याला पगार मिळतो. विचारला नाही तर ऑडिटर आपल्याला बोलतो. दोन वर्षं बाहेर प्रश्न विचारून जीभ सवयीची झाली की मग घरी तो विचारताना आवाज कापत नाही. घरच्या पेढीला "विश्वासाची बाई" हवी असते, पण बऱ्याचदा त्याचा अर्थ "न विचारणारी बाई" असा असतो. बाहेरच्या मुनीमजींना पगार द्यावा लागतो, शिवाय ते कधीतरी नाही म्हणतात. सून फुकट असते आणि नाही म्हणत नाही.

इथे धर्म मधे आणते, कारण तो मधे आहेच. आपण प्रतिक्रमणात श्रावकाच्या बारा व्रतांचे अतिचार म्हणतो, बऱ्याच वेळा भरभर. दुसऱ्या व्रताच्या अतिचारांत कूटलेख आहे, म्हणजे खोटा लेख, खोटा दस्तऐवज लिहिणं. तिसऱ्या व्रतात खोटं माप-तोल आहे आणि राज्याच्या नियमांविरुद्ध वागणंही आहे. इतक्या शतकांपूर्वी ज्यांनी हे सांगितलं त्यांना व्यापाऱ्याच्या घरात नेमकं काय घडतं ते नीट माहीत होतं. मालाशिवाय बिल घेणं, नुसत्या कागदावर टॅक्स क्रेडिट उचलणं, हा आजचा कूटलेख. जीएसटी कायद्यात तो गुन्हा आहे आणि रक्कम पाच कोटींच्या वर गेली तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पण कायद्याआधी तो आपल्या व्रताचा भंग आहे. कांदा-बटाटा सोडणारी, पाणी गाळून पिणारी बाई त्या बिलाची नोंद स्वतःच्या हातानं करत असेल, तर तिला ते कळायला तरी हवं.

कंपन्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून नियम आहे की हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहिला पाहिजे. कोणती नोंद कधी बदलली ते दिसलं पाहिजे आणि ती सोय बंद करता येता कामा नये. आमच्या ऑफिसात यावर बरीच कुरकुर झाली. मला मात्र देवसी, पक्खी, चौमासी, संवत्सरी आठवली. रोजचं रोज, पंधरवड्याचं, चार महिन्यांचं, वर्षाचं. आपल्याला ही शिस्त नवी नाही.

आता आपल्या भागाबद्दल. पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा हिशेब शिकायला अतिशय चांगली शाळा आहे. टाटा मोटर्स, बजाज ऑटो, महिंद्रा, फोक्सवॅगन ही मोठी नावं सगळ्यांना दिसतात. पण त्यांच्यामागे भोसरी, तळवडे, चिखली, महाळुंगे, खराबवाडी इथे शेकडो छोटे कारखाने आहेत आणि त्यांचा माल एका छपराखाली तयार होत नाही. बार एकाकडे कापला जातो, मशीनिंग दुसऱ्याकडे, हीट ट्रीटमेंट तिसऱ्याकडे, प्लेटिंग चौथ्याकडे. प्रत्येक फेरीला चलन. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यायला हवा. नाही आला तर पाठवल्या तारखेलाच तो विकला असं धरून कर आणि व्याज लागतं. मशीनला ही मुदत तीन वर्षं, आणि डाय, जिग, फिक्स्चर यांना ती लागूच नाही. याचं विवरण उलाढाल पाच कोटींपर्यंत असेल तर वर्षातून एकदा, वर असेल तर सहा महिन्यांनी भरायचं. हे सगळं नुसत्या टॅलीच्या क्लासमध्ये समजत नाही. प्लेटिंगवाल्याकडे आपले चारशे नग अडकलेत आणि त्याचा फोन लागत नाही, तेव्हा समजतं.

आणि इथेच ती इंजिनिअर मैत्रीण बी.कॉम. झालेल्या मुलापेक्षा पुढे आहे. समजा १०० किलोचा बार आला आणि ड्रॉइंगप्रमाणे तयार नगांचं वजन ६५ किलो. मग टर्निंग-बोरिंगचा भंगार ३५ किलोच्या आसपास निघायला हवा. भंगाराच्या बिलात २० किलोच दिसले तर बाकीचे १५ गेले कुठे? नुसती नोंद करणाऱ्याला यात काही खटकणार नाही, बिल आहे, रक्कम जमा आहे. जिनं लेथ चालताना पाहिलंय तिला लगेच खटकेल. फार्मसीवाल्या मैत्रिणीला बॅच, एक्सपायरी, परत आलेला माल हे शिकवावं लागत नाही. शिक्षिकेकडे तर सगळ्यात दुर्मिळ गोष्ट आहे : एकच गोष्ट दहा वेळा न चिडता समजावणं. वेळेवर बिल न पाठवणाऱ्या वीस सप्लायरांशी महिनाअखेरीला बोलून पाहा, मग कळेल तिची किंमत. मला प्रयोगशाळेनं दोन सवयी लावल्या होत्या, वाचन दोनदा घ्यायचं आणि खोडायचं तर एक रेघ मारून सही करायची. दोन्ही आज रोज उपयोगी पडतात.

एक उदाहरण आपल्या घरांना थेट लागू पडतं म्हणून देते. २००६ च्या लघुउद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायला हवेत. हे बरीच वर्षं कागदावरच होतं. २०२४-२५ या आकारणी वर्षापासून आयकराची नाडी त्याला बांधली गेली : मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च, प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत, वजा मिळत नाही. यामुळे भोसरीतल्या छोट्या कारखानदाराच्या हातात प्रथमच काहीतरी आलं. पण उद्यम नोंदणी केलेल्या आपल्या व्यापारी भावांना वाटतं की हे त्यांनाही लागू आहे. नाही. उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांना लागू आहे, नुसत्या खरेदी-विक्रीला नाही. आपल्यातली किती घरं व्यापारातली आहेत पाहता हा फरक माहीत असलेली एक तरी बाई घरात असावी.

नोकरी कुठे करावी? मला विचाराल तर आधी चिंचवड-निगडी-आकुर्डी भागातलं एखाद्या सीएंचं ऑफिस, किंवा भोसरीतला पन्नास-साठ माणसांचा कारखाना. सीएंकडे एका वर्षात तीस-चाळीस पेढ्यांचे कागद हाताखालून जातात, कुणाचं घर कसं चालतं ते दिसतं. छोट्या कारखान्यात सगळं तुमच्याच टेबलावर : ७ तारखेला टीडीएस, ११ ला विक्रीचं विवरण, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला जीएसटीचा भरणा, मधल्या दिवसांत बँक आणि पगार. चाकणच्या मोठ्या कंपनीत पगार बरा आणि बस दारात येते, पण तिथे तुम्हाला एकच कोपरा मिळतो. वर्षभर सप्लायरांची बिलं गेट-एंट्रीशी जुळवत बसाल. शिकण्यासाठी ती दुसरी नोकरी असावी, पहिली नाही. पहिला पगार कमी असतो, शाळेतल्या पगारापेक्षाही कमी असू शकतो. ते मनाला लागतं, पण सहा महिन्यांनी बोलायची सोय असते आणि बोलावं.

पदवीबद्दल थोडं. कुठल्याही शाखेच्या पदवीधराला, टक्केवारीची अट पूर्ण असेल तर, सीएच्या इंटरमीडिएटला थेट प्रवेश मिळतो आणि आर्टिकलशिप आता तीन वर्षांऐवजी दोन वर्षांची आहे. वयाची अट नाही. तरी मुलं दहावी-बारावीत असलेल्या बाईला मी सीए कर असं उठून सांगणार नाही, तिनं वर्षं मोजून ठरवावं. ज्यांना कारखान्याची गोडी आहे त्यांनी कॉस्ट अकाउंटन्सीकडे जरूर पाहावं. त्याचं पिंपरी-चिंचवड-आकुर्डी चॅप्टर आपल्याच गावात आहे आणि एका नगाची खरी किंमत काढणं हे इंजिनिअर बाईच्या मेंदूला मानवणारं काम आहे.

चौविहाराचं काय, हा प्रश्न हमखास येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या आसपास सूर्य मावळतो, आणि चाकणच्या तळेगाव चौकात त्या वेळी गाडी पुढे सरकत नाही. मी साडेपाचला ऑफिसातच दुसरा डबा खाते आणि पाणी घेऊन मोकळी होते. पहिल्या महिन्यात सगळे बघायचे, आता शेठ स्वतः साडेपाचला म्हणतात, "मॅडम, डबा." पर्युषण ही खरी अडचण. ते ऑगस्ट-सप्टेंबरात येतं आणि टॅक्स ऑडिटची ३० सप्टेंबर तेव्हाच डोक्यावर असते. अठ्ठाई करणारीनं जुलैपासूनच कागद ओढायला घ्यावेत आणि संवत्सरीची सुट्टी नोकरी पत्करतानाच मागून घ्यावी. मी मागितली होती, मिळाली. आपण नंतर चोरून अर्ध्या दिवसाची रजा टाकतो, ते बरं दिसत नाही.

"पण घरात काय कमी आहे म्हणून बाहेर जातेस?" याला माझ्याकडे एकच उत्तर आहे, तेही उलटा प्रश्न. घरात कमी नसेल तर घरच्या पेढीनं सुनेला बँकेतून, तिच्या खात्यात, दरमहा पगार द्यायला हरकत काय? पद लिहून, कामाचे तास ठरवून. ज्या घरात ही अट मान्य होते तिथे मी बाहेरच्या नोकरीचा आग्रह जरा सैल करते. आजवर दोन घरांत मान्य झाली आहे.

राहिला एक प्रश्न, तो एका काकीजींनी विचारला आणि मला तो आवडला. भट्टीच्या, फोर्जिंगच्या कारखान्याची वही लिहिणं म्हणजे पंधरा कर्मादानांतलं इंगालकर्म नाही का? आपल्या पट्ट्यात आगीशिवाय कारखाना क्वचितच. मी महासतीजींना विचारलं. त्यांनी मर्यादा ज्याची त्यानं ठरवावी असं सांगितलं आणि वर विचारलं, "तिथे माल किती येतो आणि किती लिहिला जातो, ते तू पाहतेस ना?" मी पाहते. फोर्जिंगचं काम मी अजून घेतलेलं नाही, मशीनिंगवर थांबले आहे. ही माझी मर्यादा. तुमची वेगळी असू शकते.

ज्यांनी विचारलं होतं त्या तिघींपैकी इंजिनिअर मैत्रीण येत्या सोमवारी तळवड्याला मुलाखतीला जाणार आहे. तिला मी इतकंच सांगितलंय की पगाराचं बोलून झालं की भंगाराचं रजिस्टर कोण लिहितं ते विचार, आणि उत्तर द्यायला किती वेळ लागतो त्याकडे लक्ष ठेव.